मानाउस : दोन वास्तू आणि त्यांचा हिशेब



२०१४ साली ब्राझीलमधील बारा शहरांत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. त्यांपैकी मानाउस हे अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातील शहर. बेलेम बंदरातून बोटीने तेथे जायचे, तर कित्येक दिवस डेकवरच्या झुल्यात झोपून काढावे लागतात. सामन्यांना आलेले परदेशी पाहुणे अर्थातच विमानाने गेले. या शहरात पाहुण्याला दोन भव्य वास्तू आवर्जून दाखवल्या जातात : एक जुने नाट्यगृह, दुसरे नवे क्रीडागार.

नाट्यगृह उघडले १८९६ साली. त्याचे लोखंड ग्लासगोहून आले, संगमरवर इटलीतून, घुमटाची कौले आल्सेसमधून. पैसा मात्र तिथल्याच रानातला, रबराचा होता. चीक काढणाऱ्या मजुराला व्यापारी धान्य आणि अवजारे चढ्या भावाने उधार देई. रबराचा भावही तोच ठरवी. कर्ज फिटणार नाही, अशीच ही व्यवस्था होती. १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने रबराचे बी लंडनला नेले. त्यातून सिलोन व मलायात मळे उभे राहिले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मानाउसचे वैभव ओसरले. नाट्यगृह दीर्घकाळ ओस पडले. १९९७ पासून तेथे संगीतनाट्याचा महोत्सव भरू लागला, हेही नोंदवले पाहिजे. पण मधला काळ शतकाच्या जवळ जाणारा आहे.

आता क्रीडागार. शहरात १९७० सालचे एक क्रीडागार होतेच. ते पाडून त्याच जागी सुमारे ४४,००० प्रेक्षकांचे नवे उभारले. पोलादी सांगाडा पोर्तुगालहून जहाजाने आला. खर्च ६० कोटी रेआलांवर गेला. स्पर्धेचे यजमानपद मिळाले तेव्हा क्रीडागारे खासगी भांडवलातून होतील असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात येथे सार्वजनिक बँकेचे कर्ज राज्य सरकारने घेतले. फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला मात्र कायद्याने करमाफी मिळाली. बांधकामावर किमान तीन कामगार मृत्युमुखी पडले. आणि विश्वचषकाचे सामने झाले चार! इंग्लंड-इटली हा त्यांतला पहिला. देशाच्या पहिल्या श्रेणीत त्या वेळी मानाउसचा एकही संघ नव्हता.

अशा खर्चाने रोजगार निर्माण होतो, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही, अपुरा आहे. रोजगार बांधकामाबरोबर संपतो. देखभाल दरवर्षी अंदाजपत्रकात परत येते. त्याच पैशातून सांडपाण्याच्या वाहिन्या घातल्या असत्या तरी गवंड्याला मजुरी मिळालीच असती. जून २०१३ मध्ये साओ पाउलोत बसभाड्याच्या २० सेंताव्होंवरून उसळलेले आंदोलन पाहता पाहता देशभर पसरले आणि शाळा-इस्पितळांची तुलना क्रीडागारांशी होऊ लागली, ती याच हिशेबातून.

यातून कोणी फुटबॉललाच दोष देऊ नये. १९७३ पासून मानाउसमध्ये ‘पेलादाँव’ नावाची हौशी खेळाडूंची स्पर्धा भरते. एका स्थानिक वृत्तपत्राने ती सुरू केली. वस्त्यावस्त्यांतून शेकडो संघ उतरतात. प्रत्येक संघाची एक ‘राणी’ असते, आणि संघ हरला तरी राणी सौंदर्यस्पर्धेत टिकून राहिली तर त्याला पुन्हा संधी मिळते. स्त्री-चळवळीतल्या कार्यकर्त्या या नियमावर आक्षेप घेतील, व तो रास्तच आहे. पण त्या मैदानांसाठी परदेशातून पोलाद मागवावे लागत नाही. ही स्पर्धा वर्षाच्या उत्तरार्धात चालते; २०१४ च्या जूनमध्ये चार सामने पाहून परतलेल्या पाहुण्यांच्या दृष्टीस ती पडली नाही.