ध्वनीचा शेक आणि कामकऱ्याचा हात



आम्ही काही वैद्य नव्हे. युनियनच्या कचेरीत लोक गाऱ्हाणी आणतात. त्यांची उत्तरे शोधता शोधता जे वाचले, जाणकारांना विचारले, तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहोत.

सोलापुरात विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. दिवसभर तिची कात्री, बोटे आणि अंगठा चालू असतो. एके दिवशी ‘शीर दुखावली’ म्हणून ती आमच्याकडे येते. ही शीर म्हणजे बहुधा कंडरा. स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी. तिला रक्ताचा पुरवठा थोडा, म्हणून दुखावलेली कंडरा भरून यायला कित्येकदा महिने लागतात.

अशा हाताला दवाखान्यात अल्ट्रासाउंडचा, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा, शेक देतात. १९१७ च्या सुमारास लांझव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाणबुड्या शोधण्यासाठी असा ध्वनी पाण्यात सोडला, तेव्हा जवळचे मासे मेले. या ध्वनीचा परिणाम जिवंत शरीरावर होतो, हे असे ध्यानात आले. शेकाच्या यंत्रात तो पुष्कळ सौम्य असतो; कंपने मात्र सेकंदाला १० ते ३० लाख.

हे यंत्र मिळावे म्हणून आम्हीही एकदा सह्या गोळा केल्या होत्या. यंत्र आले की प्रश्न सुटला, असे वाटले. ती आमची चूक होती. व्हिएन्नातील वैद्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेली चाचणी पाहा. खांद्याच्या कंडरेत चुना साठलेल्या रोग्यांपैकी काहींना खरा शेक दिला, काहींना खोटा. सहा आठवड्यांनी खऱ्या शेकाचा गुण दिसला. नऊ महिन्यांनी दुखण्यात म्हणण्यासारखा फरक उरला नाही. इतर दुखण्यांवरच्या बहुतेक चाचण्यांत तर एवढेही हाती लागले नाही.

मग कंडरा भरते कशाने? आधी भार कमी करून आणि मग बेताबेताने वाढवलेल्या व्यायामाने. मागावर ताणा ताणल्यावाचून कापड उतरत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. कंडरेचे नवे तंतूही ताण मिळाला म्हणजेच ओढीच्या दिशेने नीट बसतात.

परंतु हजारी विडीवर जिची मजुरी, तिने हात थांबवला तर चूल थांबते. शेक घेऊन ती त्याच संध्याकाळी सूप पुढे ओढणार असेल, तर यंत्राने काय करावे? म्हणून आमची मागणी आम्ही बदलली आहे : आधी मजुरीसह विश्रांती, मग हलके काम, आणि व्यायाम शिकवणारा माणूस. यंत्र त्यानंतर.