एकटीचा रकाना

'वृद्धाश्रम' हा शब्द उच्चारला, की आपल्या घरांमध्ये एकदम शांतता पसरते. कुणीतरी कुणाला तरी टाकून दिलं, असाच अर्थ मनात येतो. मी आज ज्या घरांविषयी बोलणार आहे, ती वेगळी आहेत. स्वतःच्या पायांनी चालणारी, आपला चहा आपणच करणारी, पण जिन्याला, गळक्या नळांना आणि रात्रीच्या धास्तीला कंटाळलेली माणसं आपणहून जिथे राहायला जातात, अशी ही ज्येष्ठांची संकुलं. तमिळनाडूत कोइमतूरच्या परिसरात ती बरीच आहेत. आपल्याकडे पुण्यात 'अथश्री'सारखी संकुलं या शतकाच्या आरंभापासून उभी राहिली. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय सुमारे १० कोटी ३८ लाख होते. तेव्हा हा प्रश्न फक्त श्रीमंतांचा उरलेला नाही.

मी सोलापुरातला. सरकारी नोकरीतून निवृत्त व्हायला दीड वर्ष उरलंय. मुलगी बेंगळुरूत, मुलगा आखातात. घर माडीचं आणि पत्नीचे गुडघे दुखरे. म्हणून गेल्या वर्षभरात आम्ही दोघांनी पाच संकुलं पाहिली. कवितेची एक कोरी वही त्यासाठी काढली आणि तिच्यात रकाने आखले.

पहिला रकाना मालकीचा. कुठे घर विकत मिळतं, कुठे मोठी अनामत ठेवून राहायचं, तर कुठे दरमहा भाडं. अनामतीचे पैसे कधी, किती कापून आणि कुणाला परत मिळणार, हे लेखी हवं. विकत घ्यायचं आणि इमारत अजून उभी राहत असेल, तर २०१६च्या रेरा कायद्याखालची नोंदणी पाहावी. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणखी एक गोष्ट विचारावी. घर मुलांना वारशाने मिळालं, तरी वयाच्या अटीमुळे त्यांना तिथे राहता येईल का? आमच्या बाबतीत तर शरीयतचा हिशेब आहे. मुलंबाळं असली, की विधवेचा वाटा एक अष्टमांश आणि वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येतं ते फक्त एक तृतीयांशापुरतं. म्हणून 'घर दोघांच्या नावावर' हे मी पहिल्याच पानावर लिहिलं.

दुसरा रकाना मोजमापाचा. महारेराने २०२४मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली काढली. दरवाजे ९०० मिलिमीटर रुंद, जिना १५०० मिलिमीटर, कठडे दोन्ही बाजूंना, न्हाणीघरात धरायला दांडे आणि न घसरणारी फरशी. मी खिशात टेप घेऊन जायचो. घर दाखवणारा मुलगा म्हणाला, "काका, हे कशाला?" म्हटलं, "बाळा, आज मी या दारातून चालत आलो. उद्या खुर्चीवरून यायचंय."

तिसरा रकाना स्वयंपाकघराचा. सामाईक भोजनगृह असेल, तर जेवलो नाही तरी पैसे भरायचे का? रमजानात पहाटे चारला सहेरीसाठी काही मिळेल का, असं मी विचारलं. एका व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "आमचं भोजनगृह शाकाहारी. पण तुमच्या ओट्यावर काय शिजतं ते आम्ही पाहत नाही. आणि एकादशीला साबुदाणा देतो, तर सहेरीला दूध-पोळी का नाही?" दुसऱ्या एका ठिकाणी फोनवर मी माझं नाव सांगेपर्यंत घर शिल्लक होतं. तेही वहीत लिहिलं. रकान्याला राग नसतो.

चौथा रकाना दुखण्याचा. ही घरं हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी असतात. अंथरुणाला खिळल्यावर काय, हे माहितीपत्रकात शोधू नये, करारात शोधावं. सोबतीला बाई ठेवता येते का, तिने झोपायचं कुठे, रात्री डॉक्टर येतो की नुसता फोन उचलतो? दवाखाना किती किलोमीटरवर हे सगळे सांगतात. संध्याकाळी सहाच्या गर्दीत तिथे पोचायला किती वेळ लागतो, ते आपण रिक्षा करून पाहावं.

शेवटचा रकाना पत्नीने आखायला लावला. ती म्हणाली, "सगळ्या चित्रांत जोडपीच आहेत. एकटी राहिलेली बाई कुठेय?" मग मी गणित मांडलं. माझ्यासारख्या जुन्या योजनेतल्या कर्मचाऱ्याला निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं. माझ्यामागे तिला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन काही काळानंतर ३० टक्क्यांवर येतं. महागाई भत्ता दोन्हींवर असतो. पण संकुलाचा देखभाल खर्च माणूस एक झाला म्हणून निम्मा होत नाही, उलट दरवर्षी वाढतो. पाचांपैकी दोन संकुलं याच एका बेरजेत बाद झाली.

उरलेल्यांपैकी एका ठिकाणी पाहुण्यांसाठी खोल्या होत्या. मी म्हटलं, आठ दिवस राहून पाहू. ती म्हणाली, "तुम्ही येऊ नका. मी एकटीच राहते. तुमच्यामागे कसं होईल ते तुमच्यासोबत राहून कसं कळेल?" तीस वर्षांच्या संसारात ती अशी कधी राहिली नव्हती. मी तिला दारात सोडून आलो. परतीच्या एसटीत मला काही सुचेना.

पहिले दोन दिवस ती भोजनगृहात एकटीच जेवली. तिसऱ्या दिवशी एक निवृत्त शिक्षिका ताट घेऊन तिच्यासमोर येऊन बसल्या. पाचव्या दिवशी त्यांना डोळ्यांत औषध घालायला ती गेली. आठवड्यानंतर घरी आल्यावर तिने वही मागितली. शेवटच्या रकान्यात तिने आपल्या अक्षरात लिहिलं, 'जमेल. पण देखभाल खर्च लिहून घ्या.'

आता त्यांच्या लेखी उत्तराची आम्ही वाट पाहतो आहोत. त्याआधी सही करायची नाही, असं तिने बजावलंय.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)