तुमचे देश किती झाले?

आज अकलूजहून बोलतोय. ऊसतोड चालू आहे, त्यामुळं मधेच ट्रॅक्टर आणि त्याच्यावरची गाणी ऐकू आली तर तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे देश मोजण्याचा छंद. इन्स्टाच्या बायोमध्ये झेंड्यांची रांग असते ना, आणि शेजारी "२३/१९५"? तोच. माझे नऊ झालेत. म्हणजे माझ्या हिशोबानं नऊ. मावसभावाच्या हिशोबानं सात आणि फोनमधल्या ॲपच्या हिशोबानं दहा. खोटं कुणीच बोलत नाहीये.

मुळात जगात देश किती? संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३. व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन हे दोन निरीक्षक धरले की १९५. बहुतेक लोक हाच आकडा धरतात. पण आम्ही सॉफ्टवेअरवाले फॉर्ममध्ये देशाचा ड्रॉपडाउन टाकतो तेव्हा आयएसओची यादी वापरतो, तिच्यात २४९ नोंदी आहेत. त्यात अंटार्क्टिका आहे, एकही माणूस राहत नाही अशी बेटं आहेत, तैवान आहे, पण कोसोव्हो नाही. अमेरिकेत १९५४ पासून ट्रॅव्हलर्स सेंच्युरी क्लब म्हणून एक क्लब आहे. शंभर झाले की मेंबर होता येतं. त्यांच्या यादीत तीनशेच्या वर नोंदी, कारण हवाई वेगळं, अलास्का वेगळं. आणि विमान नुसतं इंधन भरायला थांबलं तरी त्यांना चालतं!

या नियमानं माझं दोहा धरावं लागेल. चार तास विमानतळावर बसलो होतो, बाहेर पाऊलही टाकलं नाही. ॲप लोकेशन बघून कतारचा झेंडा लावून मोकळं. मावसभाऊ म्हणतो, "आरं, एस्टी इंदापूरला थांबली, तू खाली उतरून चहा घेतलास, म्हंजे इंदापूर बघितलं व्हय?"

त्याचा स्वतःचा नियम शिक्क्याचा. पासपोर्टवर शिक्का असेल तरच देश. म्हणून तो माझा नेपाळ कापतो. भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, मतदान ओळखपत्र दाखवून जाता येतं, मग शिक्का कुठून येणार? आणि लिश्टेनस्टाईनमध्ये मी फक्त दुपारचं जेवलो, म्हणून तेही कापतो. गंमत अशी की तिथं शिक्का मिळतो. वाडुत्स नावाची चिमुकली राजधानी आहे, तिथल्या पर्यटन कार्यालयात पैसे दिले की हौसेखातर पासपोर्टवर शिक्का मारून देतात. उलट मी जर्मनीतून ऑस्ट्रियात आणि चेकमध्ये रेल्वेनं गेलो, सगळं शेंगेनच्या आत, शिक्का एकही नाही. पण ते दोन तो धरतो! आणि आता तर ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटोची डिजिटल नोंद सुरू केलीय. शिक्के जमवणाऱ्यांचं अवघडच आहे.

असो. हा सगळा गमतीचा भाग झाला. मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर.

जर्मनीत ऑनसाइट होतो तेव्हा माझ्याच वयाचा एक जर्मन सहकारी होता, त्याचे चाळीस झालेले. शुक्रवारी ठरवायचा, शनिवारी विमानात. माझा पहिला शेंगेन अर्ज, त्याच्याही आधीचा, एका वकिलातीनं नाकारला होता. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कंपनीचं रजेचं पत्र, हॉटेलचं बुकिंग, आणि "परत येणार" याचा पुरावा म्हणून आमच्या रानाच्या सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर, एवढं सगळं लावलं होतं. आता त्या व्हिसाची फी ९० युरो आहे, आणि नकार आला तर ती परत मिळत नाही. तोच व्हिसा एकदा मिळाला की मात्र २९ देश उघडे. मग सांगा, त्याचे चाळीस आणि माझे नऊ यात फिरण्याची आवड किती आणि पासपोर्टचा रंग किती? आपल्याकडं हा आकडा निम्मा तर परवानग्यांचाच आहे. थायलंड, श्रीलंका, व्हिएतनाम माझ्या यादीत आहेत, कारण तिथं जाणं सोपं होतं. मला पेरू बघायचंय. ते यादीत नाही.

आपल्याच माणसांनी कसं केलं ते बघा. विष्णुदास चापके, परभणी जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले पत्रकार. २०१६ ला निघाले, २०१९ ला परत आले, जमेल तितकं जमिनीवरून, पस्तीस देश. तीन वर्षांत पस्तीस म्हणजे सरासरी एका देशाला महिना. टूरच्या जाहिरातीत "आठ दिवसांत सहा देश" असतं. आकडा म्हणून दोन्ही एकाच रकान्यात बसतात.

पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये सायकलवर पृथ्वीभोवती फिरली. १५९ दिवस, सुमारे २९ हजार किलोमीटर, आणि देश किती? फक्त चौदा. कारण तिला किलोमीटर मोजायचे होते. देश मोजायचे असते तर तिनं युरोपात वळणं घेतली असती. माझ्या मते मुद्दा इथंच आहे. तुम्ही जे मोजता ना, तोच तुमचा रस्ता ठरवतो. आणि मीना प्रभूंचं बघा. त्या तुर्कस्तानला गेल्या तर एक पुस्तक, इराणला गेल्या तर एक, मेक्सिकोला एक. एका देशाला एक अख्खं पुस्तक लागतं म्हटल्यावर माणूस जेवून पुढं कसा जाईल?

मोजणं वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. मोजायला आपल्याला आवडतंच. अष्टविनायक झाले का, बारा ज्योतिर्लिंगांपैकी किती राहिली, हे आमच्या गल्लीत रोज चालतं. पण अकलूजचं अजून एक मोजमाप आहे. आषाढीत तुकोबांची पालखी इथं मुक्कामाला असते, रिंगण होतं. तेव्हा म्हातारी माणसं एकमेकांना विचारतात, "कितवी वारी?" तोच रस्ता, तेच मुक्काम, तेच पंढरपूर, आणि आकडा वाढत जातो. नवीन जागा एकही नाही! माझ्या एक्सेलमध्ये या आकड्याला रकानाच नव्हता.

आता खरी अडचण सांगतो. माझ्याकडं यंदा बारा दिवस रजा आणि एका मोठ्या ट्रिपचे पैसे आहेत. मित्रांचं ठरलंय, जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान. नऊचे थेट बारा. दुसरीकडं आई आणि आप्पा. दोघांकडं पासपोर्ट नाही. आप्पांच्या डोक्यात कित्येक वर्षं पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ आहे. मी विषय काढला तर आप्पा काय म्हणाले, "नेपाळ तुझा झालाय की. परत कशाला पैसं घालवतो?"

ते ऐकून मला कसंतरीच झालं. माझा झेंड्यांचा हिशोब त्यांनाही पाठ झाला होता.

तर मित्रांना नाही कळवलंय. एक जण चिडलाय, कारण तिघांत गाडीचा खर्च वाढतो. त्याचं बरोबर आहे.

तुमच्यापैकी कुणी आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर दोन गोष्टी. विमानानं जाताना १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदान ओळखपत्रच लागतं. आणि मुक्तिनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, काठमांडूहून एका दमात वर जाऊ नका, बीपी असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. आम्ही गाळप संपल्यावर, एप्रिलमध्ये निघतोय. आईच्या मतदान कार्डावर नाव चुकीचं छापलंय, त्यामुळं आज रात्री फॉर्म ८ भरायला बसायचंय. भेटू पुढच्या भागात.