पाणी उडून जाते, मीठ शेतात राहते
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



आपली मुले हायस्कूलच्या प्रयोगशाळेत दोन प्रयोग करतात. पहिल्यात मिठाचे पाणी चिनी मातीच्या बशीत तापवतात. पाण्याची वाफ होऊन जाते, तळाशी पांढरे मीठ राहते. हे बाष्पीभवन. दुसऱ्यात तेच पाणी चंबूत उकळून वाफ थंड केलेल्या काचेच्या नळीतून नेतात. वाफेचे पुन्हा पाणी होऊन ते थेंबाथेंबाने दुसऱ्या भांड्यात जमते. हे ऊर्ध्वपातन. या पाण्याला खारट चव नसते, कारण मीठ चंबूतच राहिलेले असते.

हे दोन्ही प्रयोग निसर्गात रोज चालू आहेत. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ढग बनतात, पाऊस पडतो. म्हणून पावसाच्या पाण्यात क्षार अत्यल्प असतात. तेच पाणी माती, मुरूम व खडकातून झिरपताना क्षार विरघळवून घेते आणि विहिरीत येते. ते आपण पिकाला देतो. काही पाणी उन्हाने उडते, बरेचसे पीक शोषून पानांवाटे बाहेर टाकते. क्षार मात्र बहुतांशी मातीतच राहतात. म्हणजे आपले शेत ही प्रयोगशाळेतील बशीच आहे. बशी धुता येते. शेतातील पाण्याचा निचरा होत नसेल, तर शेत धुता येत नाही.

आपल्या विहिरीचा प्रयोग

मोटार अर्धा तास चालू ठेवून मग नमुना घ्यावा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. पाणी गाळून बरोबर १ लिटर मोजावे. विज्ञान शिक्षकांच्या मदतीने कोरडी बशी वजन करून उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवावी व त्यात हे पाणी थोडेथोडे घालून आटवावे. सरळ जाळावर ठेवल्यास थेंब उडून वजन चुकते. बशी पूर्ण वाळली की थंड करून पुन्हा वजन करावे. वाढलेले वजन म्हणजे लिटरमागे क्षारांचे अंदाजे ग्रॅम.

समजा, १ ग्रॅम क्षार निघाले. एका पाळीला साडेसात सेंटिमीटर पाणी दिले, तर एकरी सुमारे ३ लाख लिटर पाणी होते. म्हणजे एका पाळीत एकरी सुमारे ३०० किलो क्षार, ५० किलोची ६ पोती! दहा पाळ्यांत ३ टन. खताचे पोते आपण मोजून टाकतो. ही पोती न मोजता शेतात जातात.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या १९८५ च्या मार्गदर्शिकेनुसार लिटरला ०.४५ ग्रॅमपेक्षा कमी क्षार असल्यास सहसा अडचण नसते. ०.४५ ते २ ग्रॅमपर्यंत पीक व निचरा पाहून पाणी वापरावे. २ ग्रॅमच्या वर धोका गंभीर असतो. कापूस, गहू क्षार बऱ्यापैकी सहन करतात. कांदा, घेवडा लवकर बिघडतात. ऊसही फारसा सहनशील नाही.

बशी काय सांगत नाही

क्षार किती, हे बशी सांगते. कोणते, हे सांगत नाही. सोडियम जास्त असल्यास जमीन चोपण होते, ओली असता चिकट व वाळली की दगडासारखी. त्यासाठी पाणी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्यावे. सामू, विद्युतवाहकता, सोडियम अधिशोषण गुणोत्तर व अवशिष्ट सोडियम कार्बोनेट हे चारही आकडे मागून घ्यावेत.

उपाय

विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलच मुळात खारे आहे. तेथे शेततळ्यात पावसाचे पाणी साठवून संरक्षित पाणी देणे हिताचे. सांगली, कोल्हापूरकडील नदीकाठच्या काळ्या जमिनींत वारेमाप पाण्याने भूजल वर आले. ते काळ्या मातीतून पृष्ठभागापर्यंत चढते, उडते आणि मीठ फुटते. तेथे पाणी कमी करणे व निचरा करणे, हाच पहिला उपाय.

१. शेताच्या उताराच्या बाजूने चर काढावेत. गरजेप्रमाणे सच्छिद्र पाइपांची भूमिगत निचरा पद्धत करावी. चराचे पाणी नाल्यापर्यंत नेण्यासाठी शेजारच्या शेतकऱ्यांनी एकत्र यावे.

२. निचरा झाल्यावर बांधबंदिस्ती करून पावसाचे पाणी शेतात मुरू द्यावे. तेच क्षार खाली नेते. निचरा नसताना जास्त पाणी दिल्यास दुखणे वाढते.

३. जमीन चोपण असल्यास आधी माती परीक्षणानुसार जिप्सम मिसळावे, नंतर क्षार धुवावेत.

४. उसाचे पाचट जाळू नये. आच्छादन केल्यास मातीतून पाणी कमी उडते व वर येणारे क्षारही कमी होतात.

५. सरीतून पाणी दिल्यास क्षार वरंब्याच्या माथ्यावर जमतात. म्हणून बी माथ्यावर न लावता बगलेत लावावे.

जमिनीवर पांढरा थर दिसेपर्यंत पिकाचे नुकसान सुरू झालेले असते. म्हणून एक नमुना एप्रिल-मेमध्ये विहीर खोल गेल्यावर व दुसरा पावसाळा संपल्यावर तपासावा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. दरवर्षी आकडा वाढत असेल, तर पुढची लागण करण्यापूर्वी निचऱ्याचे काम हाती घ्यावे.