मराकेशची स्वाक्षरी आणि संसदेची लेखणी

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कायदा करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या पुस्तकात रुक्ष वाटतो. कर्करोग रुग्णालयातील औषधांच्या खिडकीपाशी मात्र तो फार वेगळा दिसतो. रक्ताच्या एका कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. त्याच द्रव्यापासून भारतीय कंपन्यांनी बनवलेले औषध ८ ते १० हजारांत मिळत होते. या दोन आकड्यांमधील अंतर कोण ठरवणार? दिल्लीची संसद, की जिनिव्हातील जागतिक व्यापार संघटना?

इंग्रजांनी मागे ठेवलेल्या १९११ च्या पेटंट कायद्याचा न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी कसून अभ्यास केला आणि १९५९ मध्ये अहवाल दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या १९७० च्या कायद्याने औषधाला पेटंट नाकारले. पेटंट मिळे ते केवळ औषध बनवण्याच्या पद्धतीला, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवण्याची वाट मोकळी राहिली आणि भारतीय औषधनिर्मिती त्या वाटेने वाढली.

एप्रिल १९९४ मध्ये मोरोक्कोतील मराकेश येथे भारताने व्यापार संघटनेच्या करारावर स्वाक्षरी केली. त्यातील ‘ट्रिप्स’ हा बौद्धिक संपदेचा करार सर्व सदस्य देशांना एकच किमान मापदंड घालून देतो : उत्पादनालाही पेटंट, मुदत किमान वीस वर्षे. डंकेल प्रस्तावाच्या काळात दत्तोपंत ठेंगडी आणि स्वदेशी जागरण मंच यांनी दिलेल्या इशाऱ्याचे गांभीर्य १९९७ मध्ये कळून आले. अमेरिकेच्या तक्रारीवरून संघटनेच्या अपील मंडळाने भारताविरुद्ध निर्णय दिला. पेटंट कार्यालयाला दिलेल्या प्रशासकीय सूचना भारतीय कायद्यानुसार पुरेशा आहेत, हे भारताचे म्हणणे होते. त्या पुरेशा आहेत की नाहीत, हे जिनिव्हात तपासले गेले आणि नाहीत असे ठरले! १९९९ च्या दुरुस्तीने तो वाद मिटला, सल मात्र राहिला.

तरीही आंतरराष्ट्रीय मापदंड म्हटला की तो त्याज्यच, ही भूमिका टाळ्यांना सोयीची असली तरी राष्ट्राला सोयीची नाही. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतले, ते ‘नवे असेल तरच पेटंट’ या जगन्मान्य कसोटीच्याच आधारे. आजीच्या बटव्याचे रक्षण करणाऱ्या कसोटीशी भांडण कशाला? भांडण आहे ते कसोटीतील शब्दांचा अर्थ कोणी लावायचा, याचे.

ट्रिप्सने ‘नवे’ हा शब्द वापरला; त्याची व्याख्या केली नाही. ही मोकळी जागा आपल्या संसदेने २००५ मध्ये भरली. कलम ३(ड) सांगते की, ज्ञात द्रव्याचे नुसते नवे रूप म्हणजे शोध नव्हे. त्याची गुणकारकता लक्षणीय वाढलेली असली पाहिजे. या कलमामागे डाव्या पक्षांचा आग्रह मोठा होता, हे मान्य करताना संकोच नको. राष्ट्रहिताची ओळ कोणाच्याही लेखणीतून उतरू शकते.

ग्लिव्हेकची स्विस कंपनी नोव्हार्टिस हिचा अर्ज २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने फेटाळला. कंपनीने कलमालाच आव्हान दिले. ते ट्रिप्सशी सुसंगत आहे की नाही, हे ठरवणे आपले काम नव्हे, त्यासाठी व्यापार संघटनेचे व्यासपीठ आहे, असे मद्रास उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. त्या व्यासपीठावर मात्र कोणताही देश हे कलम घेऊन गेला नाही. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. औषधाची गुणकारकता म्हणजे रोग बरा करण्याची क्षमता, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला. अमेरिकेची नाराजी तिच्या वार्षिक अहवालांतून व्यक्त होत राहिली. कलम तसेच उभे आहे.

चिंता निराळीच आहे. करारावर स्वाक्षरी सरकार करते. त्यासाठी संसदेची पूर्वसंमती लागत नाही. कराराच्या अंमलबजावणीसाठी राज्यांच्या अखत्यारीतील विषयांवरही कायदा करण्याची मुभा घटनेचे कलम २५३ संसदेला देते. म्हणजे शब्द आधी दिला जातो आणि चर्चा मागून येते.

कधी तर तीही येत नाही. २०१२ मध्ये मुंबईत देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला गेला आणि कर्करोगावरील नेक्सावार या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. त्या प्रकरणात मूळ कंपनीने दाखल केलेली वापराची वार्षिक विवरणेच तिच्याविरुद्ध पुरावा ठरली. मार्च २०२४ मध्ये स्वित्झर्लंडसह युरोपातील चार देशांशी भारताचा व्यापार करार झाला. त्याच महिन्यात पेटंट नियमांत बदल होऊन ही विवरणे दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा देण्याची तरतूद झाली. त्यासाठी विधेयक आणावे लागले नाही, अधिसूचना पुरली.