कुलूप कंपनीचे, किल्ली कोणाची?



सकाळी रक्त तपासायला दिले की संध्याकाळी अहवाल मोबाइलवर येतो. कागद आणायला पुन्हा प्रयोगशाळेत खेटे घालावे लागत नाहीत. सोय मोठीच आहे. पण हा अहवाल येतो कुठून? प्रयोगशाळेतल्या संगणकातच तो असतो असे नाही. पुष्कळदा तो ‘क्लाउड’वर असतो. क्लाउड म्हणजे ढग, असे सांगून आपण लोकांच्या मनात उगाच धूसर चित्र उभे केले आहे. ती खरे तर वखार आहे. यंत्रांनी भरलेल्या, दिवसरात्र थंड ठेवलेल्या इमारती, आणि त्यांतली भाड्याची जागा. ॲमेझॉन कंपनीने अशी वखार मुंबईत जून २०१६ मध्ये सुरू केली, दुसरी हैदराबादेत नोव्हेंबर २०२२ मध्ये. छत्रपती संभाजीनगरात ज्याच्या दंडावर सुई टोचली, त्याची साखर किती हे मुंबईतल्या भाड्याच्या कपाटात लिहिलेले असू शकते. या कपाटाला तिथे बकेट, म्हणजे बादली म्हणतात. का, ते त्यांनाच ठाऊक.

या बादल्यांना कुलपे लावण्याचे काम मी करते. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. मजकुराची अक्षरे अशी विस्कटून ठेवायची की किल्ली असल्याशिवाय ती जुळूच नयेत. काही जण विचारतात, मोडीसारखेच का? नाही. मोडी ज्याने शिकली त्याला वाचता येते. इथे रीत सगळ्यांना माहीत असते, गुप्त असते ती फक्त किल्ली. एईएस नावाची रीत अमेरिकेने २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. ती तयार केली बेल्जियमच्या दोघा तज्ज्ञांनी. तिचे सगळे गणित छापलेले आहे, कोणीही वाचावे. तरीही किल्लीवाचून तिचे कुलूप उघडत नाही.

हे कुलूप वखारवालाच लावतो तेव्हा त्याला ‘सर्व्हर-साइड एन्क्रिप्शन’ म्हणतात. आपण माल द्यायचा, तो आत ठेवताना कुलूप त्याने घालायचे, आणि मागितला की उघडून द्यायचा. ५ जानेवारी २०२३ पासून ॲमेझॉनच्या वखारीत येणाऱ्या प्रत्येक नव्या फाइलला असे कुलूप आपोआप लागते. पैसे पडत नाहीत. त्यामुळे ‘आमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे’ असे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकतो, आणि ते खरेही असते.

पण नुसते खरे असून भागत नाही. पहारेकरी कुलूप कोणाला उघडून देतो, ते पाहावे लागते. बादली चुकून सर्वांसाठी खुली राहिली, तर हे साधे कुलूप पहारेकरी येणाऱ्या प्रत्येकाला विनातक्रार उघडून देईल. बादल्या खुल्या राहतातही. २०२० मध्ये भीम ॲपच्या प्रसारासाठी चालवलेल्या एका संकेतस्थळाची बादली अशीच उघडी सापडली. ती शोधणाऱ्यांच्या म्हणण्यानुसार तीत सुमारे ७२ लाख नोंदी होत्या, आधार कार्डांच्या आणि जातीच्या दाखल्यांच्या प्रतींसह. भीम ॲपमधली माहिती फुटलेली नाही, असे राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तेव्हा सांगितले. ते वेगळे, पण कागद उघड्यावर होते.

यावर उपाय असा की किल्ली मालापासून वेगळी ठेवायची. प्रत्येक फाइलला एक छोटी किल्ली असते. ती छोटी किल्ली एका मोठ्या किल्लीने बंद करून फाइलच्या शेजारीच ठेवतात. मोठी किल्ली मात्र स्वतंत्र तिजोरीत राहते आणि तिथून कधी बाहेर येत नाही. आता फाइल वाचायची तर दोन परवानग्या हव्यात, बादलीची आणि किल्लीची. बादली खुली राहिली तरी परका माणूस किल्लीपाशी अडतो. शिवाय किल्ली कोणी, केव्हा वापरली याची नोंद राहते. अशा स्वतःच्या किल्लीला महिन्याला एक डॉलर पडतो, आणि वापराचे थोडे वर.

हा एक डॉलर वाचवण्यावरूनच एक प्रसंग घडता घडता राहिला. शहरातल्या एका प्रयोगशाळेचे काम आमच्याकडे आले. जालना, बीड, परभणीकडचे रुग्ण तिथे येतात. दहा-अकरा बादल्या, त्या वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी पडद्यावर बटणे दाबून केलेल्या. काहींना स्वतंत्र किल्ली, काहींना नाही. एक किल्ली नोकरी सोडून गेलेल्या मुलाने केलेली होती, तिच्यावर काय अवलंबून आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. बिल कमी करायला ती काढून टाकायचे ठरत होते. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, किल्ली काढली तर फार तर अहवाल उघडे पडतील, ते आम्ही बघून घेऊ.”

म्हटले, “सर, उघडे नाही पडणार. कायमचे बंद होतील.”

त्या किल्लीखाली कर्करोगाच्या तपासण्यांचे जुने अहवाल होते. मोठी किल्ली नष्ट झाली की ॲमेझॉनलाही ते उघडता येत नाहीत. म्हणून तर किल्ली काढायची विनंती केल्यावर किमान ७ आणि जास्तीत जास्त ३० दिवस वाट पाहण्याची सोय आहे. तेवढ्यात लक्षात आले तर ठीक.

आम्ही मग बटणे दाबणे बंद केले आणि सगळे कोडमध्ये लिहिले. टेराफॉर्म नावाचे एक साधन आहे. त्यात हवी ती व्यवस्था मजकुरासारखी लिहून द्यायची, ती उभी करण्याचे काम ते करते. आमच्या फाइलचे मराठी केले तर असे होईल: या बादलीला ही किल्ली. किल्ली दरवर्षी बदलावी, जुने कागद जुन्या किल्लीने उघडत राहावेत. काढायची विनंती आली तर ३० दिवस थांबावे. किल्ली नष्ट होईल असा कोणताही बदल आला तर काम तिथेच थांबवावे. अकराही बादल्यांना हाच नियम. कोणी काय बदलले, ते तारखेसकट राहते आणि दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय बदल लागू होत नाही.

हा दुसरा माणूस मला साधनापेक्षा महत्त्वाचा वाटतो. कारण मनाईची ती ओळ किल्लीच्याच परिच्छेदात असते. कोणी सगळा परिच्छेदच खोडला, तर मनाईही त्याबरोबर खोडली जाते आणि टेराफॉर्म निमूटपणे किल्ली काढायला निघते. आणखी एक. टेराफॉर्म आपल्या कामाची जी वही ठेवते, तीत काही गुपिते साध्या अक्षरांत उतरू शकतात. ती वहीही कुलपातच हवी. पुष्कळ ठिकाणी ती कोणाच्या तरी लॅपटॉपवर पडलेली असते. तसेच, नवा नियम केला म्हणून जुन्या फाइलींचे कुलूप आपोआप बदलत नाही. आम्हाला त्यांची पुन्हा नक्कल करावी लागली. प्रयोगशाळेच्या कामात सर्वांत जास्त वेळ यातच गेला.

एक प्रकार आम्ही नियमानेच बंद केला. त्यात ग्राहक दरवेळी स्वतःची किल्ली आणतो आणि कंपनी ती ठेवून घेत नाही. जानेवारी २०२५ मध्ये हॅल्सियन या सुरक्षा कंपनीने उघड केले की चोरलेले परवाने वापरून काही खंडणीखोरांनी लोकांच्याच फाइली अशा स्वतःच्या किल्लीने बंद केल्या आणि पैसे मागितले. कुलूप वखारीचे, माल आपला, किल्ली चोराची!

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांत एन्क्रिप्शनचा उल्लेख नावानिशी आहे. किल्ली कोणाच्या नावावर आहे, हे मात्र ज्याचे त्याने पाहायचे.

आपल्या शेजारचा देवगिरी आठवा. खंदक, तासलेला कडा, अंधारी. १२९६ मध्ये खिलजीचा वेढा पडला तेव्हा घाईने गडावर नेलेली पोती धान्याची नव्हे, मिठाची निघाली, असे सांगतात. पोती कोणी उघडून पाहिलीच नव्हती. बॅकअपचे तसेच असते. मुंबईतल्या मालाची एक प्रत आम्ही हैदराबादेत ठेवतो. तिथली किल्ली वेगळी सांगावी लागते, कारण किल्ली साधारणपणे ज्या वखारीची त्याच वखारीत चालते. प्रयोगशाळेत आता दर तीन महिन्यांनी हैदराबादच्या प्रतीतून एक जुना अहवाल काढून पाहतात. पहिल्या खेपेला तो उघडला नाही. नव्याने आलेल्या तंत्रज्ञाला बादलीची परवानगी होती, किल्लीची नव्हती. त्यासाठी कोडमध्ये एक ओळ वाढवली, दुसऱ्याने ती वाचली, आणि २०१९ सालचा अहवाल पडद्यावर आला.