झाडीपट्टीच्या गाण्यांची नोंद



गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या पाण्यावर अर्जुनी मोरगावपासून वडसा-आरमोरीपर्यंत धान पिकतं. धान घरात आलं की याच झाडीपट्टीत मंडईच्या जत्रा, शंकरपटाच्या बैलशर्यती आणि रात्रभराची नाटकं सुरू होतात. झाडीपट्टीच्या नाटकातून गाणं काढलं तर फार थोडं उरेल. झाडीपट्टीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीचं नाव देशभर गेलं. पण तिथं रात्री गायलेली पदं मात्र कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये पडून आहेत, निनावी.

इंटरनेटवर ‘म्युझिकब्रेन्झ’ नावाची एक खुली नोंदवही आहे. तिथं गाणं ठेवत नाहीत, फक्त गाण्याची माहिती ठेवतात. ती कुणीही भरावी, कुणीही फुकट वापरावी. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठानं हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या आपल्या संग्रहाची माहिती तिथंच नोंदवली. मग आपल्या ऑर्गनवाल्याचं, तबलजीचं नाव तिथं का नसावं?

प्रत्यक्ष कार्यक्रमाची नोंद करताना मात्र कस लागतो. एकच पद दोन गावांत गायलं गेलं, तर रेकॉर्डिंग दोन. दोन्ही त्या एका पदाला जोडायची. गावाचं नाव नुसतं ‘अर्जुनी’ लिहून भागत नाही, कारण एकाच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी असे दोन तालुके आहेत. आणि तारीख? नाटक रात्री उशिरा सुरू होतं, संपतं उजाडताना. माझ्या मते पडदा उघडला त्या रात्रीची, पत्रकावर छापलेली तारीखच धरावी. ते पत्रक जपून ठेवा. कंपनीचं, नाटकाचं, कलावंतांचं नाव त्यावरच सापडतं.

जात्यावरच्या ओव्यांसाठी असं नोंदींचं काम आपल्याकडे झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात लाखावर ओव्या जमल्या, आणि गाणाऱ्या बायांची नावं, गावं त्यांच्यासोबत राहिली. म्हणून आज ती ओवी कुणाची, हे सांगता येतं.

झाडीपट्टीचे जुने वादक, गायक अजून आपल्यात आहेत. जुनं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवा, आवाज कुणाचा ते विचारा, लगेच लिहून घ्या. आणि यंदाच्या मंडईत नवं रेकॉर्डिंग कराल, तेव्हा कलावंतांना विचारून करा, आणि मोबाइल बंद करण्याआधी गाव, तालुका, तारीख आणि गाणाऱ्याचं नाव त्यातच मोठ्यानं बोलून ठेवा.